वाड्याचं ड्रोन फुटेज जेलीसारखं हलतंय? गिंबल उघडण्याआधी हे तपासा

दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास मला एकाच मजकुराचे फोन येतात. "दादा, गढीचं शूटिंग केलं, पण सगळं थरथरतंय. गिंबल गेला वाटतं. उघडून बघू का?" गिंबल म्हणजे ड्रोनचा कॅमेरा स्थिर धरणारी जोडणी. फोन करणारा बहुतेक वेळा घरातलाच कोणी असतो. पुण्या-नाशकाहून सुट्टीला गावी आलेला नातू, नाहीतर भाचा. माहेरवाशिणी जमलेल्या असतात, अंगणात झोका बांधलेला असतो, वर्षातून एकदाच वाडा असा भरलेला दिसतो, म्हणून शूटिंग तेव्हाच व्हायला हवं असतं. आणि नेमका तोच काळ खान्देशात ड्रोनसाठी सगळ्यात वाईट. ऊन, धूळ, दुपारचा वारा, तिन्ही एकदम.

त्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातल्या जुन्या वाड्यांची आणि गढ्यांची शूटिंगं करताना, आणि मित्रांचे ड्रोन हातात घेऊन बघताना, हा दोष मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता त्याचा क्रम ठरून गेला आहे. बहुतेक वेळा गिंबल ठणठणीत असतो. दोष पात्याच्या कडेला असतो, मोटरच्या दांड्याला असतो किंवा उन्हात असतो.

हे मी इतकं जीव तोडून का लिहितोय तेही सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत पारोळ्याच्या बाजूला एका गावात मी एक गढी शूट केली. पांढऱ्या मातीच्या भिंती, खाली काळ्या दगडाचं जोतं, दिंडी दरवाजा, आत देवड्या आणि मागच्या बाजूला दोन बुरूज शिल्लक. मालक आजोबा माझ्या शेजारी उभे राहून फोनच्या स्क्रीनवर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मन्हा वाडा काबर हाली राह्यना रे भो?" माझा वाडा का हलतोय, असं विचारत होते. मी म्हटलं, बाबा, फोनवर तसंच दिसतं, घरी नीट दिसेल. घरी मोठ्या स्क्रीनवर लावलं तर धाब्याची (मातीच्या सपाट छताची) कड लुगड्याच्या काठासारखी लहरत होती. पुन्हा जाऊन घेऊ असं ठरवलं आणि राहून गेलं. त्या पावसाळ्यात उत्तरेकडचा बुरूज पाणी मुरून बसला. आज त्या बुरुजाचं वरून घेतलेलं चित्रण माझ्याकडे आहे तेवढंच आहे, आणि त्यात तो हलतो आहे. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या खचत चालल्या आहेत. पुढच्या वर्षी बघू म्हणण्याइतका वेळ त्यांच्याकडे असेलच असं नाही.

आधी नेमकं काय हलतंय ते ओळखा

"व्हिडिओ हलतो" या एका वाक्यामागे पाच-सहा वेगळे दोष लपलेले असतात. ते वेगळे केले नाहीत तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं.

खरी जेली अशी दिसते: सरळ असायला हवेत ते खांब, दरवाज्याची चौकट, धाब्याची कड बारीक आणि जलद लाटांमध्ये वाकतात. संपूर्ण चित्रात, आकाशाच्या कडेपासून खालच्या अंगणापर्यंत. वाडा पाण्याखाली ठेवल्यासारखा वाटतो. हा लेख मुख्यतः या दोषाबद्दल आहे.

फक्त दूरचा भाग आणि जमिनीलगतचा भाग थरथरतोय, जवळचा बुरूज मात्र स्थिर आहे, तर ती झळ. वैशाख-ज्येष्ठात सकाळी दहा-अकरानंतर तापलेल्या काळ्या रानावरून हवा वर उठते आणि तिच्यातून पलीकडचं सगळं लहरताना दिसतं. डोळ्यांनाही दिसतं. ड्रोनचा काही दोष नाही, आणि याला कुठलाही स्क्रू पिळून उपाय नाही. पहाटे या.

कौलांच्या ओळी, विटांचे थर, लाकडी जाळ्या चमचम करत सरकतात, बाकीचं स्थिर, तर बारीक नक्षी कॅमेऱ्याच्या ठिपक्यांच्या जाळीत मावत नाहीये. उंची थोडी बदला, शार्पनेस कमी करा.

ड्रोन बाजूला वळवताना चित्र टप्प्याटप्प्याने अडखळतं, तर एकतर तुम्ही फार जोरात वळवताय, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरला फोर-के फाइल झेपत नाहीये. क्षितिज एका बाजूला कललंय, तर गिंबलचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची सरळ जागा अ‍ॅपमधून पुन्हा जुळवणं. मध्येच एकदम झटका बसून कॅमेरा पुन्हा जागेवर येतो, तर वारा किंवा कॅमेऱ्याला कुठेतरी काहीतरी अडतंय.

मूळ फाइल बघा

यात पैसे जात नाहीत, म्हणून ही पहिली. फोनमध्ये जे दिसतं ती ड्रोनकडून हवेतून आलेली हलकी प्रत असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं तर त्याहून पिळून काढलेलं. मेमरी कार्ड काढा, फाइल कॉम्प्युटरवर उतरवा आणि पूर्ण आकारात बघा. फोनवर अडखळणारं चित्रण मूळ फाइलमध्ये अगदी लोण्यासारखं चालताना मी अनेकदा पाहिलंय. त्या पोरांची अर्धी सुट्टी मात्र ड्रोन बिघडल्याच्या काळजीत गेलेली असते.

फाइल बघताना एक सरळ उभी रेघ निवडा, खांब किंवा बुरुजाची कड, आणि एक-एक चौकट (फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र) पुढे सरकवा. जेली असेल तर रेघ प्रत्येक चौकटीत वेगळ्या ठिकाणी वाकलेली दिसते. असं का होतं ते इथेच समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर एक चौकट एका दमात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. हे वाचन चालू असताना कॅमेरा केसभर जरी थरथरला, तरी खांबाचं डोकं एकीकडे आणि बुंधा दुसरीकडे नोंदला जातो. म्हणजे दोन गोष्टी लागतात: थरथर आणि ती टिपणारा वेगवान शटर, म्हणजे एकेका चौकटीवर उजेड पडू देण्याचा वेळ फार थोडा. थरथर मोटर आणि पंख्यांकडून येते, वेगवान शटर उन्हाकडून.

झाकण, फिल्म, गवत

गिंबलवरचं प्लास्टिकचं झाकण काढूनच ड्रोन चालू करायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे कधी ना कधी विसरतात. झाकण तसंच ठेवून चालू केला की गिंबलच्या इवल्याशा मोटरा अडकलेल्या अवस्थेत जोर लावतात. एकदा झालं तर बहुतेक काही होत नाही, पण सवय लागली तर त्या मोटरा दमतात.

लेन्सवर चिकटवलेली संरक्षक फिल्म, बाजारातून आणलेलं काचेचं झाकण, शोभेचं स्टिकर हे सगळं काढून टाका. गिंबल काही ग्रॅमच्या तोलावर चालतो. त्याला एका बाजूला जास्तीचं वजन दिलं की तो सतत सावरत बसतो.

आणि टेकऑफची जागा. वाड्याच्या चौकात पावसाळ्यानंतर घोट्याएवढं गवत असतं. छोट्या ड्रोनचा कॅमेरा पोटाखाली जेमतेम दोन बोटं वर असतो, गवताचं पातं त्याला लागलं की चालू होतानाच गिंबल चुकीच्या जागी स्थिरावतो. मी घरातून लाकडी पाट मागून घेतो. सपाट, जड, वाऱ्याने उडत नाही, धूळ उठत नाही. पलंग, पत्र्याचं पिंप, गाडीचं बॉनेट यांवरून मात्र उडवू नका. लोखंडाजवळ होकायंत्र चुकतं आणि ड्रोन जागेवर उभा राहण्याऐवजी गोल गोल भरकटतो. जुन्या वाड्यात आता स्लॅब टाकलेला भाग असेल तर त्यातल्या सळयांचाही असाच त्रास होतो.

पंखे

इथे थांबा आणि घाई करू नका. मला सापडलेल्या दोषांपैकी सगळ्यात जास्त इथेच सापडलेत.

पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्याच्या एका पात्याला तांदळाच्या कणीएवढी खाच पडली, तरी दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहत नाही आणि प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. तो धक्का ड्रोनच्या हातातून कॅमेऱ्यापर्यंत जातो. डोळ्यांनी खाच बऱ्याचदा दिसत नाही. ड्रोन बंद करा, बॅटरी काढा, आणि प्रत्येक पात्याची पुढची कड अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढा. नख कुठे अडलं की पातं बाद. मग पातं उजेडासमोर आडवं धरा. मध्ये पांढरट रेघ दिसली तर ते कधीतरी दुमडलं गेलंय. पिशवीत कोंबून आणलेल्या ड्रोनमध्ये अशी रेघ हमखास असते. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली पाती मऊ पडून किंचित पिळतात. ती ओळखायची तर नव्या पात्याशेजारी ठेवून बघायची.

पात्यावरची धूळसुद्धा वजनच असते. ओल्या फडक्याने पुसा. हे फुकट आहे, आणि कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

नवी पाती लावताना एका मोटरची दोन्ही बदला, एक जुनं एक नवं ठेवू नका. पात्यांवर आणि ड्रोनच्या हातांवर खुणा असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या मोटरा एकाच दिशेने फिरतात, शेजारच्या उलट दिशेने. खूण चुकली तर ड्रोन उडण्याऐवजी उलटतो. स्क्रू घट्ट हवा, पण पातं आपल्या जागी मोकळेपणाने हलायला हवं. ते फिरताना स्वतःच सरळ होतं. स्क्रू इतका आवळला की पातं अडकून बसलं, तर नव्या पात्यांनीही थरथर होते.

नकली पाती स्वस्त मिळतात. मी वापरून पाहिली आणि सोडली. चार पात्यांत दोन बरी निघायची, दोन नाही.

मोटरच्या दांड्याभोवतीचा कापूस

हा दोष मी खान्देशाबाहेरच्या कुणाकडून ऐकलेला नाही. आपल्याकडे मात्र दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याचाच हंगाम असतो.

भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला असतो. वाड्याच्या ओसरीवर, माजघरात, जिन्याखाली. अंगणात त्याचे तंतू पडलेले असतात. ड्रोन उडतो तसे ते वर उठतात आणि पंख्याखाली ओढले जातात. एकदा चोपड्याकडच्या एका मित्राचा ड्रोन हातात घेतला. पाती नवीन, कॅलिब्रेशन झालेलं, तरी जेली. मोटरची वाटी (तिचं फिरणारं टोपण) आणि पंख्याच्या बुडामधल्या फटीत भिंगातून पाहिलं, तर चकतीवर सूत गुंडाळावं तसा कापसाचा तंतू दांड्याभोवती घट्ट बसला होता. त्यात धूळ आणि लेन्स पुसायच्या फडक्याचा एक निळा धागा. काढून हातात घेतला तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढी गुंडाळी झाली. ड्रोन परत उडवला, चित्र स्थिर.

काढायचं ते लाकडी टूथपिकने किंवा प्लास्टिकच्या चिमट्याने. टाचणी किंवा सुई नको. मोटरमध्ये तगडे चुंबक असतात, ते टोक खेचून घेतात आणि तांब्याच्या तारेवरचा मुलामा खरवडला जातो.

तशीच दुसरी गोष्ट, काळे कण. आपली जमीन काळ्या पाषाणाची, त्यातून आलेल्या मातीत आणि तापी-गिरणेच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे बारीक काळे कण असतात. शाळेत असताना वाळूत चुंबक फिरवला असेल तर त्याला आलेल्या मिशा आठवतील. तेच मोटरच्या आत होतं. फुंकून ते निघत नाहीत, चुंबकाने धरून ठेवलेले असतात. चिकटपट्टीची सुरळी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, फटीतून हळू फिरवली की त्या पट्टीला लागून बाहेर येतात. वंगण, तेल, फवारा यातलं काहीही मोटरमध्ये टाकू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात तिचा लगदा होतो. गॅरेजमधल्या हवेच्या नळीनेही साफ करू नका. त्या जोराने कण आणखी आत जातात.

साफ झाल्यावर प्रत्येक पंखा बोटाने हलकेच फिरवून बघा. चारही सारखे फिरायला हवेत, सारख्या वेळात थांबायला हवेत. एक जरी खरखरला किंवा वाटी वर-खाली हलली, तर ते आतलं बेअरिंग. तिथे आपलं काम संपलं, त्याबद्दल शेवटी.

ऊन आणि शटर

ड्रोन निर्दोष असतानाही जेली दिसते, ती इथे.

छोट्या ड्रोनच्या लेन्सचं छिद्र कमी-जास्त होत नाही. त्यामुळे उजेड वाढला की कॅमेऱ्याकडे एकच मार्ग उरतो, शटर वेगवान करणं. लख्ख दुपारी, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० वर, एफ २.८ ची लेन्स असेल (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) तर शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जातो. एफ १.७ असेल तर १/८००० च्या आसपास. एवढ्या वेगाने टिपलेली प्रत्येक चौकट धारदार असते, आणि तिच्यात मोटरची नेहमीची, प्रत्येक ड्रोनमध्ये असणारी बारीक थरथरही धारदार उमटते. शटर हळू असेल तर तीच थरथर नजरेला न जाणवणाऱ्या पुसटपणात विरून जाते.

जुना नियम आहे: सेकंदाला जितक्या चौकटी, त्याच्या दुप्पट शटर. २५ चौकटींना १/५०, ३० ला १/६०. तिथपर्यंत यायला उजेड अडवणारी काळी काच लागते, एनडी फिल्टर. हिशोब सोपा आहे. १/३२०० ला ६४ ने भागलं की १/५०, म्हणजे एनडी ६४. एफ १.७ च्या लेन्सला तीस चौकटींवर एनडी १२८ लागेल. सकाळी कोवळ्या उन्हात एनडी ८ किंवा १६ पुरतो. फिल्टर आपल्या मॉडेलसाठी बनवलेलाच घ्या, मोबाइलचा नाही. तोलाचं वर सांगितलंच.

पण हे लक्षात ठेवा: फिल्टर थरथर झाकतो, थांबवत नाही. कापूस अडकलेल्या मोटरवर एनडी ६४ लावून तुम्ही दोन महिने आणखी काढाल आणि तोवर बेअरिंग जाईल. म्हणून आधी एक चाचणी करा. पहाटे, वारा पडलेला असताना, गावाबाहेर मोकळ्या जागी दहा मीटरवर ड्रोन स्थिर उभा करा आणि फिल्टर न लावता मुद्दाम १/२००० शटरवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. उजेड कमी वाटला तर आयएसओ वाढवा, चाचणीला दाणेदार चित्र चालतं. समोर विजेचा खांब किंवा देवळाचा कळस असू द्या. लांबूनच, तारांच्या जवळ नको. रेघ सरळ राहिली तर ड्रोन निरोगी आहे, आणि तुमची जेली ऊन-वाऱ्याची आहे. पहाटेच्या शांत हवेतही रेघ वाकली, तर दोष यंत्रात आहे, फिल्टर विकत घेऊ नका. मग एकेका मोटरची पाती बदलून हीच चाचणी परत करा, दोषी कोपरा सापडतो.

आखाजीच्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्या पुढे जातो. बहुतेक छोट्या ड्रोनच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. सकाळी सूर्य उगवल्यापासून साधारण दीड तास, आणि संध्याकाळी शेवटचा तास, एवढ्यातच वाडा शूट करा. त्या तिरप्या उजेडात पांढऱ्या भिंतीचे पोपडे, चौकटीवरचं कोरीवकाम, तुळशी वृंदावनाची लांब सावली असं सगळं उठून दिसतं. दुपारी वरून घेतलेला वाडा नकाशासारखा सपाट दिसतो.

वारा कुठून येतोय

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्व-पश्चिम उघडं पडलेलं तापीचं खोरं. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा इथे मोकळा सुटतो. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यासारख्या टेकडीवर तर खाली झाडाचं पान हलत नसतानाही वर ड्रोन झगडत असतो.

वाऱ्याच्या जोराइतकीच महत्त्वाची असते तुमची जागा. भिंतीला आपटून वारा वरून उलटतो आणि पलीकडच्या बाजूला भोवरे घेतो. बुरुजाच्या आडोशाला वारा लागत नाही असं आपल्याला जमिनीवर वाटतं. ड्रोनला तिथेच सगळ्यात जास्त हिसके बसतात. वारा येतो त्या बाजूने शूट करा, किंवा भिंतीच्या उंचीच्या बरंच वर जा. आणि ड्रोन जोरात पळवणारा स्पोर्ट मोड बंद ठेवा.

भिंतीच्या फार जवळ जाऊ नका, याला आणखी दोन कारणं आहेत. पंख्याच्या झोताने जुन्या भिंतीची सुटी माती निघते. ती धूळ गिंबलमध्ये जाते आणि भिंतीचंही नुकसान होतं. दुसरं, आग्या माशा. बुरुजाच्या वरच्या अंगाला, उंच कमानीखाली पोळी असतात. उडवण्याआधी घरच्यांना विचारा आणि स्वतः सगळीकडून फिरून बघा. पोळं दिसलं तर ती बाजू सोडा. चित्रणापायी चौकातल्या पोराबाळांवर माशा उठवू नका.

परवानगीचं थोडक्यात: डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आधी हिरवा (मोकळा), पिवळा (परवानगी लागणारा), लाल (बंदीचा) भाग बघा. जळगाव विमानतळाच्या आसपास आणि वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीकडे ही काळजी जास्त. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. घरची गढी असेल तर घरच्यांचा होकार पुरतो, पण थाळनेरच्या फारुकी कबरींसारख्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी लागते.

कॅलिब्रेशन

लोक हे सगळ्यात आधी करतात. मी इतक्या खाली ठेवलंय, कारण जेलीवर याचा काही उपयोग होत नाही. क्षितिज तिरपं असेल, कॅमेरा एका बाजूला कलत जात असेल, तर गिंबल कॅलिब्रेट करा: ड्रोन थंड, जागा सपाट आणि स्थिर, कुणीही हात लावायचा नाही. होकायंत्राचं कॅलिब्रेशन अ‍ॅपने मागितलं तरच, आणि तेही वाड्याबाहेर, लोखंडापासून दूर.

रबरी गोळे

आपल्या हातातलं हे शेवटचं. कॅमेरा ड्रोनच्या अंगाला थेट जोडलेला नसतो, मध्ये मऊ रबराचे छोटे गोळे असतात. मोटरची थरथर त्यांनीच गिळायची असते. ड्रोन आपटला, किंवा कॅमेऱ्याला धरून ओढला गेला, की एखादा गोळा खोबणीतून सुटतो. टॉर्च मारून चारी बाजूंनी बघा. एक बाहेर आलेला असेल तर कॅमेऱ्यावर अजिबात जोर न देता, टूथपिकच्या बोथट टोकाने त्याची मान खोबणीत ढकलता येते. फाटलेला किंवा कडक झालेला असेल तर बदलावा लागतो. काही मॉडेलमध्ये तो बाहेरून बदलता येतो, काहींमध्ये गिंबल सोडवावा लागतो. दुसऱ्या प्रकारातला असेल तर हात लावू नका.

ड्रोनचे घडीचे हातही उघडून हलवून बघा. सांध्याशी खुळखुळ किंवा केसासारखी तडा दिसली तर ती तडा उडताना वाढते.

आधी घेतलेल्या हलत्या चित्रणाबद्दल खूप जण विचारतात. एडिटिंगमध्ये रोलिंग शटर दुरुस्तीची सोय असते, हलकी जेली तिने थोडी बसते. जास्त असेल तर नेहमीच्या स्थिरीकरणाने चित्र आणखी पिळतं. माझ्या त्या बुरुजावर मी सगळं करून पाहिलं. नाही सुधारलं.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

मोटर खरखरते, वाटी हलते, किंवा लँडिंगनंतर चारपैकी एकच मोटर इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापते: उडवणं त्याच क्षणी बंद. अशी मोटर हवेत अडकली तर ड्रोन दगडासारखा खाली येतो, आणि खाली माणसं असतात.

काही अडलेलं नसताना अ‍ॅप पुन्हा पुन्हा गिंबल मोटर ओव्हरलोड (मोटरवर जास्त ताण) दाखवतं, किंवा चालू केल्यावर कॅमेरा मान टाकतो: आत कागदाइतकी पातळ चपटी केबल असते, ती फाटली असण्याची शक्यता मोठी. व्हिडिओ बघून ती बदलायला जाऊ नका. मी गेलो होतो, आणि चालणारा कॅमेराही घालवून बसलो.

हाताला तडा, पाण्यात पडलेला ड्रोन आणि फुगलेली बॅटरी यांवर घरी काहीच करायचं नसतं. फुगलेली बॅटरी चार्जही करायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. ती वाड्याच्या सागवानी लाकडांपासून लांब, उघड्यावर, मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवून द्या आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा.

आणि वरची सगळी तपासणी करूनही पहाटेच्या चाचणीत रेघ वाकतच असेल, तर तेही देण्याचंच कारण आहे. देताना नुसतं "हलतो" असं सांगू नका. ती अर्ध्या मिनिटाची चाचणी, शटर किती होता, वारा होता की नव्हता, कोणती पाती बदलली, कधी आपटला होता, सगळं लिहून द्या. त्याचे दोन दिवस वाचतात आणि तुमचे पैसे. ड्रोन त्याच्या हातात देण्याआधी मेमरी कार्ड काढून घ्या. वाड्याचं मूळ चित्रण त्यात असेल तर ते, हलतं असलं तरी, आधी दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा.